मोल्दाव्हियाची चित्रमंडित मठमंदिरे

भिंतीवर चित्रे रेखण्याची विद्या जिथे जिथे रुजली, तिथे तिथे तिने बहुधा छपराखालचा आसराच शोधला. अजिंठ्याच्या चित्रकारांनी डोंगर पोखरून केलेल्या विहारांच्या अंतर्भागात आपले विश्व उभे केले. बायझन्टाइन साम्राज्यातील कारागिरांनी घुमटाच्या पोटात आणि वेदीमागच्या अर्धगोलात संतांच्या मालिका मांडल्या. आणि इटलीतील भित्तिचित्रकारांचेही उत्तम काम प्रार्थनागृहांच्या आतच सापडते. आपली मेहनत ऊन, पाऊस आणि हिम यांच्या हवाली करण्यास चित्रकार सहसा राजी होत नाही. रुमानियाच्या ईशान्य भागात, कार्पेथियन पर्वताच्या पूर्वेकडील उतारावर, बीच आणि देवदाराच्या रानांत वसलेल्या मठांकडे पाहताना हे ध्यानी ठेवले पाहिजे. कारण जिथे हिवाळा कडक असतो आणि उत्तरेचा वारा भिंतींना झोडपीत राहतो, नेमक्या तिथेच सोळाव्या शतकातील चित्रकारांनी चर्चच्या इमारती पायथ्यापासून वळचणीपर्यंत बाहेरच्या अंगाने रंगवून काढल्या. दरवाजावर एखादा संत किंवा कोनाड्यात एखादी मूर्ती रंगविण्याची चाल ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती जगात अन्यत्रही होती, परंतु सबंध इमारतच चित्रपट समजून तीवर एक सुसूत्र योजना मांडण्याचे साहस इतक्या मोठ्या प्रमाणावर मोल्दाव्हियाच्या राज्यातच झाले, आणि तेही बहुतांशी १५३० ते १५४७ या अवघ्या दीड-दोन तपांच्या अवधीत.

एवढ्या अल्प काळात ही कला कशी फुलली, याचे कारण चित्रकलेच्या इतिहासापेक्षा त्या राज्याच्या राजकीय प्रकृतीत अधिक सापडते. म्हणून आधी राज्याची हकीकत सांगणे प्राप्त आहे. मोल्दाव्हिया हे पोलंड, हंगेरी आणि उस्मानी साम्राज्य या तीन बलाढ्य सत्तांच्या कचाट्यात सापडलेले छोटे राज्य होते. थोरला श्तेफान या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्याच्या राजाने १४५७ पासून १५०४ पर्यंत गादी सांभाळली, आणि १४७५ च्या जानेवारीत वास्लुई येथे उस्मानी फौजेचा जबर पराभव करून सगळ्या ख्रिस्ती युरोपात कीर्ती मिळविली. पण पुढच्याच वर्षी खुद्द सुलतान मेहमद चालून आला आणि श्तेफानला रणात हार खावी लागली. १४८४ मध्ये किलिया आणि दनिस्तरच्या मुखावरील चेतात्या आल्बा ही दोन्ही मोक्याची बंदरे तुर्कांनी जिंकली. आणि अखेर सुलतानाला खंडणी भरून राज्य राखणे हाच शहाणपणाचा मार्ग उरला. या सगळ्या धामधुमीत श्तेफान देवालये बांधीत राहिला. एकेका लढाईमागे एकेक चर्च, अशी लोकपरंपरा त्याच्याविषयी आजही सांगते. व्होरोनेत्स येथील सेंट जॉर्जचे चर्च त्याने १४८८ मध्ये २६ मे रोजी सुरू करून १४ सप्टेंबरला, म्हणजे चार महिनेही पुरते न घेता, उभे केले. आणि दंतकथा अशी की पराभवाने खचलेल्या राजाला दानिएल नावाच्या तपस्व्याने पुन्हा शस्त्र उचलण्याचा उपदेश केला, तेव्हा विजयानंतर त्याच्या झोपडीच्या परिसरात मठ बांधण्याचे वचन राजाने दिले होते. त्या तपस्व्याची समाधी याच चर्चमध्ये आहे.

श्तेफानच्या कारकिर्दीत या इमारतींना जे रूप आले, तेच पुढच्या चित्रकारांच्या पथ्यावर पडले. आकाराने ही चर्चे लहान आणि उंच. आराखडा त्रिदली, म्हणजे पूर्वेला वेदीचा अर्धगोल आणि उत्तर-दक्षिणेला तसेच दोन अर्धगोल. भिंतींना गॉथिक धर्तीचे आधारस्तंभ, खिडक्यांना दगडी गॉथिक चौकटी, आणि आतली अंगे मात्र बायझन्टाइन परंपरेची. घुमट पेलणाऱ्या कमानींवर तिरकस बसविलेल्या दुसऱ्या लहान कमानी चढवून छताचा घेर टप्प्याटप्प्याने आवळीत न्यायचा, ही युक्ती मोल्दाव्हियाच्या गवंड्यांची स्वतःची. खिडक्या थोड्या आणि अरुंद, त्यामुळे भिंतींचे सलग विस्तार मोकळे राहिले. आणि वर लाकडी फळ्यांचे उतरते छप्पर एवढे पुढे आलेले की त्याच्या पन्हळीचे पाणी भिंतीपासून दूर पडावे. हे छप्पर नसते तर आज या प्रकरणाला विषयच उरला नसता.

श्तेफाननंतर मोहाचच्या १५२६ च्या रणांगणावर हंगेरीचे राज्य कोलमडले, १५२९ मध्ये सुलतान सुलेमानने व्हिएन्नाला वेढा घातला, आणि मोल्दाव्हियाच्या गादीवर त्या सुमारास, १५२७ पासून, श्तेफानचा अनौरस पुत्र पेत्रू रारेश बसलेला होता. बापाचे शौर्य आणि महत्त्वाकांक्षा दोन्ही त्याच्या अंगी होत्या, पण बापाला मिळालेली संधी त्याच्या वाट्याला आली नाही. तो एकीकडे इस्तंबूलला खंडणी भरीत होता आणि दुसरीकडे तुर्कांविरुद्ध ख्रिस्ती राजांशी गुप्त खलबते करीत होता. याच वर्षांत त्याने आपल्या दफनासाठी प्रोबोता येथे नवे चर्च बांधले आणि १५३२ मध्ये ते रंगवून घेतले. राजधानी सुचावा येथील सेंट जॉर्जचे चर्च १५३४ मध्ये रंगविले गेले. रारेशचा मुख्य चिटणीस तोआदेर बुबुयोग याने पत्नी अनास्तासियासह १५३० मध्ये उभारलेले हुमोरचे चर्च १५३५ मध्ये चित्रांनी मढले. आणि स्वतः रारेशने १५३२ मध्ये बांधलेल्या मोल्दोवित्सावर १५३७ मध्ये चित्रे चढली. पाच वर्षांत चार इमारती! राजाचा हुकूम, धर्मगुरूंची योजना आणि चित्रकारांची तयारी यांचा मिलाफ असल्यावाचून हे घडणे नाही.

या चित्रांत जे एक दृश्य पुन्हा पुन्हा येते, त्यावरून योजनेचा हेतू उमगतो. ते दृश्य म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा वेढा. मोल्दोवित्साच्या दक्षिण भिंतीवर ते सर्वांत चांगले टिकले आहे. तटबंदीने वेढलेले नगर. तटावरून निघालेली धर्मगुरूंची, राजकुटुंबाची आणि नागरिकांची मिरवणूक. मिरवणुकीच्या अग्रभागी मेरीमातेची प्रतिमा आणि ख्रिस्ताच्या मुखाचा ठसा उमटलेले पवित्र वस्त्र. खाली समुद्रात शत्रूची गलबते, आणि त्यांवर आकाशातून अग्नीचा वर्षाव. इतिहासाप्रमाणे ही घटना इ. स. ६२६ ची आहे. त्या वर्षी सम्राट हेराक्लियसच्या राजवटीत इराणी आणि आव्हार लोकांनी मिळून नगराला घेरले होते, आणि नगर वाचले ते मेरीमातेच्या कृपेने, अशी श्रद्धा दृढ होऊन तिच्या स्तुतीच्या ‘अकाथिस्त’ या चोवीस कडव्यांच्या स्तोत्राशी या सुटकेचा संबंध जोडला गेला. म्हणूनच या दृश्याशेजारी त्या स्तोत्राची कडवी एकेक चौकट करून रंगविलेली असतात. परंतु मोल्दाव्हियाच्या चित्रकाराने सातव्या शतकातील इराण्यांच्या डोक्यावर तुर्की पागोटी चढविली आणि तटासमोर तोफा मांडल्या! हुमोरला तर तटाबाहेर झेपावून शत्रूवर भाला चालविणाऱ्या एका घोडेस्वाराजवळ ‘तोमा’ हे नाव लिहिलेले आहे. सुचावाचा तोमा हा चित्रकार रारेशच्या दरबारी होता, आणि तो घोडेस्वार म्हणजे तोच, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

आता विचार करावा तो असा, की १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडून ऐंशीहून अधिक वर्षे लोटली होती, आणि ही गोष्ट त्या भिंतीसमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक माणसाला, रानातल्या धनगरालाही, ठाऊक होती. जे नगर पडले, त्याच्या वाचण्याचे चित्र काढण्यात इतिहासाचे अज्ञान नव्हते. त्यात एक मागणे होते. जिने एकदा आपले नगर राखले, तिने आता हे राज्य राखावे, असा तो अर्ज होता. आणि अर्ज जसा दरबारात सर्वांसमक्ष गुदरावा लागतो, तसा तो देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर, आकाशाच्या आणि प्रजेच्या साक्षीने मांडलेला होता. खंडणीचे हप्ते इस्तंबूलला रवाना करणाऱ्या राजाने आपल्या राज्यातील ठिकठिकाणच्या मठांवर तुर्कांच्या पराभवाची चित्रे उघड्यावर रंगवून घ्यावीत, यात केवढे धाडस होते, याची कल्पना करून पाहावी.

ही चित्रे म्हणजे निरक्षरांसाठी काढलेले बायबल होय, असे प्रवाशांच्या मार्गदर्शिकांत सरसकट लिहिलेले असते. चर्च लहान, आत शेतकरी आणि शिपाई मावत नसत, म्हणून बाहेर उभ्या असलेल्यांसाठी भिंती रंगविल्या, असा त्यामागचा युक्तिवाद. त्यात तथ्याचा अंश आहे, पण तेवढ्याने समाधान होत नाही. एक तर चित्रांवरचे लेख चर्चच्या स्लाव्ह भाषेत आहेत, आणि प्रजा रुमानियन बोलणारी. दुसरे, वरच्या पट्ट्यांतील कित्येक आकृती इतक्या उंचावर आहेत की खालून त्यांचे चेहरेही नीट दिसत नाहीत. आणि तिसरे, इशायाच्या वंशवृक्षाच्या कडेने प्लेटो, ॲरिस्टॉटल आणि पायथागोरस या ग्रीक तत्त्वज्ञांना उभे करण्याची कल्पना शेतकऱ्याच्या समजुतीसाठी खासच केलेली नाही. ख्रिस्ताच्या आगमनाची चाहूल प्राचीन विद्वानांनाही लागली होती, हा विचार मठातल्या पंडितांचा. अर्धगोलांच्या बाह्यांगावरील रचना पाहिली म्हणजे तर शंका उरत नाही. तिथे सर्वांत वर देवदूत, त्यांच्याखाली संदेष्टे, मग प्रेषित, धर्मगुरू, हुतात्मे आणि शेवटी अरण्यवासी तपस्वी, अशा ओळींवर ओळी दोन्ही बाजूंनी पूर्वेकडे चालल्या आहेत, आणि वेदीच्या बरोबर मागच्या मध्यरेषेवर, जिथे मेरीमाता आणि ख्रिस्त यांच्या आकृती एकाखाली एक आहेत, तिथे त्या येऊन मिळतात. हे सगळे संत हात पुढे करून विनवीत आहेत. आत वेदीवर जी प्रार्थना चालते, तिचाच हा बाहेरचा पडसाद. आणि ज्या राज्याला पृथ्वीवर कोणी मित्र उरला नव्हता, त्याने स्वर्गातले सगळे वशिले एका भिंतीवर गोळा केले होते.

हा अर्ज तूर्त मंजूर झाला नाही. १५३८ मध्ये सुलेमान स्वतः फौज घेऊन आला, सुचावा त्याच्या हाती गेले आणि रारेशला डोंगर ओलांडून ट्रान्सिल्व्हानियात पळ काढावा लागला. १५४१ मध्ये तो गादीवर परतला खरा, पण इस्तंबूलला जाऊन, सुलतानाच्या मेहेरबानीने आणि जड अटी पत्करून. १५४६ मध्ये तो वारला. आणि त्याच्यामागून गादीवर आलेल्या त्याच्याच मुलाने, इलियाशने, १५५१ मध्ये राज्य सोडून इस्लामचा स्वीकार केला व तो सुलतानाचा सुभेदार झाला. या पुढच्या काळातील चित्रांत वेढ्याचे दृश्य मागे पडत गेले, यात नवल नाही.

एवढी चित्रे टिकली कशी, हे समजण्यासाठी ती काढली कशी हे पाहावे. भिंतीला प्रथम चुन्याच्या गिलाव्याचा जाड थर देत. त्यात तडे जाऊ नयेत म्हणून पेंढ्याचे किंवा तागासारखे तंतू मिसळीत. त्यावर दुसरा गुळगुळीत थर, आणि तो ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेले खनिज रंग. चुनकळी विझवून केलेला चुना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगडाच्या जातीचा होतो, आणि होता होता रंगाचे कण आपल्या पोटात बंद करून घेतो; म्हणून असे चित्र भिंतीवर चिकटलेले नसते, ते भिंतीचाच भाग झालेले असते. गोव्यात आणि दक्षिण कोकणात देवळांच्या भिंतींवर ‘कावी’ची जी नक्षी आढळते, तीही ओल्या चुन्याचीच विद्या आहे, तिथे पांढऱ्या थरावर तांबड्या मातीचा थर देऊन तो ओला असताना कोरतात आणि खालचा पांढरा उघडा पाडतात. उलट अजिंठ्यात मातीच्या कोरड्या लेपावर चिकटद्रव्यात कालवलेले रंग आहेत, आणि ते चार पावसाळेही उघड्यावर निभले नसते. ओल्या गिलाव्याची अडचण एकच, की तो वाळण्याच्या आत त्या दिवसाचे काम उरकले पाहिजे आणि हात चुकता कामा नये. मोल्दाव्हियाच्या चित्रकारांपाशी गेरू, पिवळी माती, कोळशाचे काळे, चुन्याचे पांढरे, तांब्याच्या खनिजाचे हिरवे आणि अझुराइट नावाच्या तांब्याच्याच दुसऱ्या खनिजाचे निळे, असे मोजके रंग होते. अझुराइट बारीक कुटले तर फिकट पडते, जाडसर ठेवले तर गडद राहते पण भिंतीवर बसत नाही. त्याचे माप हातालाच कळावे लागते. व्होरोनेत्सच्या चित्रकाराच्या हाताला ते कळले होते.

व्होरोनेत्सचे हे काम १५४७ चे. श्तेफानच्या इमारतीपुढे महाधर्मगुरू ग्रिगोरे रोश्का याने पश्चिमेकडे एक बंदिस्त ओसरी बांधली आणि तिचे दरवाजे उत्तर-दक्षिणेला ठेवले, त्यामुळे पश्चिमेची भिंत दरवाजा-खिडकीवाचून कोरी, सलग राहिली. त्या एका भिंतीवर अंतिम न्यायाचा प्रसंग आहे, आणि माझ्या मते सोळाव्या शतकातील पूर्व युरोपात याच्या तोडीची रचना दुसरी नाही. अगदी वर देवदूत राशिचक्राच्या चिन्हांसकट आकाशाची वळकटी गुंडाळीत आहेत, कारण काळ संपला आहे. त्याखाली न्यायाधीश ख्रिस्त आणि दोन्ही अंगांना आसनस्थ प्रेषित. ख्रिस्ताच्या पायांपासून निघालेली तांबडी अग्निनदी रुंदावत खाली नरकाकडे वाहते. मध्ये रिकामे सिंहासन. त्याखाली एका अदृश्य पुरुषाच्या हातात तराजू, आणि एका पारड्याला ओढ लावणारे सैतान. एका बाजूला पुण्यवंतांचे जथे स्वर्गाच्या दारी लोटले आहेत. समोर मोझेस एक गुंडाळी उलगडून यहुद्यांना दाखवीत आहे, आणि त्याच्यामागे चिंतातुर चेहऱ्यांनी तुर्क आणि तातार उभे आहेत, ज्यांचे झगे, पागोटी आणि दाढ्या चित्रकाराने बाजारात आणि छावणीत पाहिल्याप्रमाणे बारकाईने टिपल्या आहेत. वेढ्याचे चित्र काढण्याची सोय उरली नव्हती, तरी फिर्याद मागे घेतलेली नव्हती. ती आता वरच्या न्यायासनासमोर गेली होती.

पण या भिंतीवरचे सगळे काही धाक घालणारे नाही. तळाशी पृथ्वी आणि समुद्र आपापले मृत परत करीत आहेत. हिंस्र पशूंच्या तोंडी माणसांचे हातपाय आहेत आणि पुनरुत्थानासाठी ते आणून देत आहेत. हरिण तेवढे रिकाम्या तोंडाने उभे आहे. देवदूत जे रणशिंग फुंकतात ते बायबलातले तुतारीवजा वाद्य नसून ‘बुचुम’ आहे, म्हणजे कार्पेथियनच्या धनगरांचा तो लांबलचक लाकडी कर्णा. एका सज्जनाच्या मृत्युशय्येपाशी दाविद राजा बसून कोब्झा हे गावच्या वादकाचे तंतुवाद्य वाजवीत आहे. या सर्वांच्या मागे ते निळे, जे दुपारच्या उन्हात गडद आणि ढगाळ दिवशी करड्याकडे झुकलेले दिसते.

त्याच चर्चच्या उत्तर भिंतीवर एक प्रसंग आहे, तो बायबलात नाही. तो या मुलखाच्या लोककथेतला आहे. स्वर्गातून हाकलल्यावर आदम नांगर धरतो, तेव्हा सैतान येऊन जमिनीवर हक्क सांगतो आणि म्हणतो, स्वतःला आणि सगळ्या वंशजांना माझ्या ताब्यात देत असल्याचा दस्तऐवज लिहून दे, मग नांगर चालव. आदम बसून तो दस्तऐवज लिहीत आहे. जमिनीचे कागद, गहाणखते आणि वेठ यांच्या ओझ्याखाली वाकलेल्या कुळाला या चित्राचे स्पष्टीकरण कोणी करून देण्याची गरज नव्हती. तसेच मोल्दाव्हियाच्या काही मठांवर मृतात्म्याच्या प्रवासातील जकातनाकी आहेत. आकाशमार्गावर एकावर एक मनोरे, प्रत्येकाच्या दारात एकेका पापाचा हिशेब मागणारे सैतान, आणि आत्म्याच्या वतीने पुण्याईचा भरणा करणारा देवदूत. ज्या चित्रकारांनी हे काढले त्यांना धर्मशास्त्र येत होते, आणि सरकारी नाक्यावर ताटकळणेही ठाऊक होते.

व्होरोनेत्सच्याच दक्षिण भिंतीवर, ओसरीच्या दरवाजापाशी सुचावाच्या नव्या सेंट जॉनच्या हौतात्म्याची कथा आहे. हा त्रेबिझोंदचा व्यापारी. चौदाव्या शतकात चेतात्या आल्बा येथे तातारांच्या हातून त्याला मरण आले आणि त्याचे अवशेष पुढे सुचावाला आणले गेले. जे बंदर १४८४ मध्ये राज्याच्या हातून गेले, तेच या कथेचे स्थळ आहे हे पाहणाऱ्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नसेल.

आर्बोरेचे चर्च थोडक्यात सांगतो. ते मठाचे नसून लुका आर्बोरे या सरदाराचे होते. त्या इमानी सेवकाला १५२३ मध्ये तरुण राजा श्तेफानित्साने देहदंड दिला. चित्रे त्यानंतर, १५४१ मध्ये, ड्रागोश कोमान याने काढली, आणि तिथला हिरवा रंग व रेषेची चपळाई पाहण्यासारखी आहे.

सुचेवित्सा या मालिकेतले शेवटचे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोव्हिला घराण्याने तटबुरुजांच्या कोटात ते बांधले, आणि शतक सरता सरता ते रंगविले गेले. उत्तर भिंतीवर सिनाईच्या मठातील जॉन या साधूच्या ग्रंथावरून घेतलेली सद्गुणांची शिडी आहे. तिच्या तीस पायऱ्या भिंतीवर तिरक्या चढत जातात, वरच्या अंगाला तांबूस पंखांच्या देवदूतांच्या शिस्तबद्ध पलटणी, आणि खालच्या अंगाला पायरी चुकून कोसळणारे साधू व त्यांना ओढणारे सैतान. चित्रकाराने पुण्याला सरळ रेषा आणि पापाला गोंधळ दिला, आणि एवढ्यावरच सगळा परिणाम साधला. चर्चची पश्चिम भिंत कोरी आहे; परांचीवरून पडून एक रंगारी मेला म्हणून ती तशीच सोडली, असे लोक सांगतात. यानंतर बाहेरून सबंध इमारत रंगविण्याची ही परंपरा बंद पडली. ज्या राज्याने तुर्की अंमल कायमचा म्हणून पत्करला, त्याची देवळे पुढे कोरीव दगडांनी सजली.

१७७५ मध्ये हा सगळा उत्तरेचा मुलूख ऑस्ट्रियाकडे गेला आणि त्याला बुकोव्हिना हे नाव मिळाले. सम्राट दुसऱ्या जोसेफच्या सरकारने मठांची वतने ताब्यात घेऊन बहुतेक मठ बंद केले. व्होरोनेत्सचे साधू १७८५ मध्ये उठले आणि चर्च गावच्या वापरात राहिले. तिथे पुन्हा मठ सुरू झाला तो १९९१ मध्ये, जोगिणींचा. मधल्या काळात राखणदार नसलेल्या भिंतींवर, विशेषतः हाताला पोहोचणाऱ्या खालच्या पट्ट्यांवर, लोकांनी टोकदार वस्तूंनी आपली नावे आणि साले कोरली, ती आजही वाचता येतात. पण खरे नुकसान उत्तरेच्या वाऱ्यापावसाने केले. जवळजवळ प्रत्येक चर्चची उत्तर भिंत धुपली आहे आणि दक्षिण भिंत बोलकी राहिली आहे. आदमाचा दस्तऐवजही त्यामुळेच आज नेट लावून पाहावा लागतो.

युनेस्कोने १९९३ मध्ये सात चर्चे जागतिक वारशाच्या यादीत घेतली आणि २०१० मध्ये सुचेवित्साची भर घातली. दुरुस्तीचे मोठे काम प्रोबोताला झाले. रारेशच्या दफनाचे हे स्थान, आणि बाहेरून रंगविलेल्या या मालिकेत अगदी आरंभीचे. पण तिथल्या बाह्यचित्रांचे आता तुकडेच उरले आहेत. आतल्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकात कोणी नवे रंग फासले होते. १९९० च्या दशकात युनेस्को आणि जपान यांच्या साहाय्याने तो थर बोटबोट काढण्यात आला, तेव्हा त्याखालून १५३२ ची मूळ चित्रे बाहेर आली. बाहेरच्या योजनेचा पहिला खर्डा पावसाने नेला असला, तरी तो कोणत्या हातांनी मांडला गेला असेल, हे ताडून पाहण्याची सोय अभ्यासकांना या साफसफाईने झाली आहे.